राखीव मतदारसंघातला आमदार आपल्याच समाजाच्या प्रश्नावर गप्प का असतो?

अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवर निवडून आलेला माणूस समाजावर अन्याय झाला तरी तोंड का उघडत नाही, असं तुम्ही विचारलंय. मीही अशाच मतदारसंघात मत देतो आणि हा प्रश्न मलाही छळतो.

राखीव असते ती फक्त उमेदवारी. मतं सगळ्यांचीच. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती 12 टक्क्यांच्या आतच आहेत आणि विधानसभेच्या त्यांच्या 29 जागा राज्यभर विखुरलेल्या. त्यामुळे निकाल बाकीच्यांच्या हातात. आमच्याकडे उमेदवार कोण, हे साखर कारखान्याच्या गटातले दोन-तीन पुढारी ठरवतात. अर्जासोबतचा जातीचा दाखला उमेदवाराचा, गाड्या, माणसं आणि खर्च त्यांचा. पुढे एखाद्या गावात दलित वस्तीचा स्मशानाकडे जाणारा रस्ता कुणी अडवला, तर आमदार बोलणार कसा? अडवणाऱ्याच्याच भावकीने त्याचं बूथ सांभाळलेलं असतं.

याचं मूळ 1932 मध्ये आहे. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, म्हणजे तिथे मत फक्त त्यांनीच द्यायचं. त्याविरोधात गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतल्या अस्पृश्यांच्या जागा 71 वरून 148 झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. तरी करारात एक सोय होती: आधी अस्पृश्य मतदारांनीच चार जण निवडायचे, मग त्यातला एक सगळ्यांनी मिळून. ही पहिली फेरी राज्यघटनेत आली नाही. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. 1952 मध्ये खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतल्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. काजरोळकरही अनुसूचित जातीचेच.

आदिवासींचं गणित निराळं. जिथे त्यांची वस्ती सर्वांत दाट, तिथेच त्यांच्या जागा ठरतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा राखीव आहेत. तिथे आदिवासी मतांना डावलून कुणी निवडून येत नाही.

म्हणून राखीव जागाच नकोत, असं कृपा करून म्हणू नका. खुल्या जागेवर दलिताला तिकीट देणारे पक्ष किती? 2024 च्या लोकसभेला उत्तर प्रदेशातल्या फैजाबादच्या खुल्या जागेवर दलित समाजाचे अवधेश प्रसाद जिंकले, त्याची देशभर बातमी झाली, यातच काय ते आलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 334 नुसार राखीव जागांची सध्याची मुदत जानेवारी 2030 मध्ये संपते. मुदतवाढीचं विधेयक येईल तेव्हा नुसती दहा वर्षं वाढवून भागणार नाही. ती पहिली फेरी परत आणा, ही मागणी आपण आत्तापासून लावून धरायला हवी.