पवित्र आत्मा : 'तो' की 'ती'?

प्रश्न असा आहे : 'पवित्र आत्मा'साठीचा मूळ हिब्रू शब्द स्त्रीलिंगी आहे, असं वाचनात आलं. मग कॅथलिक उपासनेत तो 'तो' कसा झाला? आणि देवाला 'आई' म्हटलेलं चालतं का?

वाचलंत ते खरं आहे. हिब्रूतला 'रुआख' म्हणजे वारा, श्वास, आत्मा. हा शब्द बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगीच येतो. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वचनात देवाचा आत्मा पाण्यावर वावरतो, तिथलं 'मेरहेफेत' हे रूपही स्त्रीलिंगी. हाच धातू बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात पिलांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडासाठी आला आहे. ग्रीकमध्ये गेल्यावर शब्द झाला 'न्यूमा', नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये 'स्पिरितुस', पुल्लिंगी. रोमची उपासना लॅटिनमधून घडली, म्हणून तिथे 'तो'. आपल्याकडे 'आत्मा' मुळातच पुल्लिंगी, त्यामुळे मराठीत तर प्रश्नच उरला नाही.

सिरियाक या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेत मात्र 'रुहा' स्त्रीलिंगी राहिला. चौथ्या शतकातला सिरियाक लेखक अफ्राहात देवाला पिता आणि पवित्र आत्म्याला आई म्हणतो. पुढे तिथेही पवित्र आत्म्यापुरतं पुल्लिंगी रूप रूढ झालं.

पण यावरून 'देव मुळात स्त्री होता, नंतर पुरुष केला' असा निष्कर्ष काढायची घाई नको. व्याकरणातलं लिंग आणि देहाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'व्यक्ती' हा आपला शब्द बघा. त्रैक्यातली, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा या एकाच देवातली, 'दुसरी व्यक्ती' म्हणजे पुत्र, तरी आपण 'दुसरा व्यक्ती' म्हणत नाही. लॅटिन 'पेर्सोना'ही स्त्रीलिंगीच. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमने बायबलमधल्या 'यशया' या ग्रंथावरच्या भाष्यात याच तीन भाषांमधली तीन लिंगं मांडून म्हटलं होतं की देवत्वाला लिंग नाही. मला हा युक्तिवाद आजही सगळ्यांत चोख वाटतो. अट एवढीच, की तो दोन्ही बाजूंना लावावा. 'पिता' म्हटल्याने देव पुरुष ठरत नाही, हेही त्यातच आलं.

खरा ऐवज व्याकरणात नसून प्रतिमांमध्ये आहे. हिब्रूत 'रहमीम' म्हणजे करुणा. हा शब्द 'रेहेम'शी, म्हणजे गर्भाशयाशी, जोडलेला आहे. यशया 66:13 मध्ये देव म्हणतो की आई सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई येते, तीही देवाचंच चित्र. (त्याच अध्यायातल्या हरवलेल्या मेंढरावर प्रवचनं फार, या बाईच्या वाट्याला कमी.) 1978 साली पहिले पोप जॉन पॉल म्हणाले होते की देव आपला पिता आहे, त्याहूनही अधिक तो आई आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही, परिच्छेद 239 मध्ये, देव ना पुरुष ना स्त्री असं स्पष्ट आहे आणि मातृत्वाची प्रतिमा मान्य केली आहे.

तेव्हा खासगी प्रार्थनेत 'आई' म्हणायला कुणाची हरकत नसावी. बाप्तिस्म्याचं सूत्र मात्र बदलता येत नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांऐवजी 'निर्माता, तारणारा, पवित्र करणारा' असे शब्द वापरून दिलेला बाप्तिस्मा अवैध असल्याचं व्हॅटिकनने 2008 मध्ये जाहीर केलं. उलट, दर 17 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्तालाच 'ओ सापिएन्तिया', हे प्रज्ञे, अशी स्त्रीलिंगी हाक अधिकृतपणे घातली जाते, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आता समानतेचं. देवासाठीचा शब्द स्त्रीलिंगी असला म्हणून बायकांना वेदीपाशी जागा मिळते असं नाही. 'रुहा'ला 'ती' म्हणणाऱ्यांनीही स्त्रियांना याजक केलं नव्हतं. फरक पडतो तो माणसांसाठीच्या शब्दांनी. लॅटिनमध्ये 'होमो' म्हणजे माणूस, त्यात बाईमाणूसही आलं; 'वीर' म्हणजे पुरुषच. चर्चच्या कायद्यातलं कलम 230 वाचक आणि वेदीसेवक ही पदं कायमस्वरूपी 'विरी लाइची', म्हणजे प्रापंचिक पुरुषांना, देत असे. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यातला 'विरी' काढला आणि ती पदं स्त्रियांनाही खुली झाली. याजकपद मात्र अजूनही पुरुषांपुरतंच आहे.