ऐरोली ते जर्मनी

प्रश्न : ताई, मेकॅनिकल इंजिनिअर आहे, दोन वर्षं रबाळे एमआयडीसीत काम करतोय. जर्मनीत मास्टर्स करायचंय. एजंट रँकिंग दाखवतो. नोकरी मिळवून देणारं विद्यापीठ कसं ओळखू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : रँकिंग बाजूला ठेव. तुझे हात कारखान्यात रुळलेत, तर आधी तिथली 'होखशूले', म्हणजे उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं बघ. तिथले प्राध्यापक साधारणपणे काही वर्षं उद्योगात काम करून आलेले असतात आणि प्रबंध अनेकदा कंपनीतच होतो. प्रत्येक ठिकाणी विचार, गेल्या वर्षी मुलांनी प्रबंध कोणत्या कंपन्यांत केले? उत्तर गोलमोल आलं तर नाव खोड.

आणि जर्मन शिक, अगदी मनापासून सांगते. माझा मुलगा इंग्रजीतला अभ्यासक्रम म्हणून निर्धास्त गेला. इंटर्नशिपच्या मुलाखतीत भाषेवर अडला, आठ महिने गेले. नौपाड्यात आम्ही रात्री त्याच्या फोनची वाट बघत बसायचो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते भाषा शिकण्यात घालवू नकोस.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सत्राला १,५०० युरो पडतात. एपीएस, म्हणजे तुझी इथली पदवी तपासून जर्मनीसाठी मिळणारं प्रमाणपत्र, त्याचा अर्ज मात्र याच आठवड्यात कर.