लॅपटॉप तापतोय, अंडरव्होल्ट करू का?

प्रश्न: मी ऐरोलीत राहते, घरूनच इंटिरियरची कामं करते. लॅपटॉपला आय-सेव्हन १०७५०एच प्रोसेसर आहे. ऑटोकॅडमध्ये मोठं ड्रॉइंग उघडलं की पंखा घोंघावतो, कीबोर्डवर हात ठेववत नाही आणि कर्सर अडखळतो. लाइट गेली की बॅटरी तासभरही टिकत नाही. भाचा म्हणतो, थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाकून अंडरव्होल्ट कर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी कर. करू का?
– एक वाचिका, ऐरोली

उत्तर: ताई, भाच्याला आधी पंखा साफ करायला बसवा. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि खाडीकडचा दमटपणा मिळून जाळीत जो चिकट थर बसतो, त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरची मात्रा चालत नाही.

मग एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून ड्रॉइंग उघडा. तापमान शंभरीला टेकलं आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’पुढे ‘येस’ आलं, की समजा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग तोडतोय.

तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, गरजेपुरता वेग वाढवणाऱ्या ‘टर्बो’त तो ५ पर्यंत जातो. त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. शेवटचा थोडासा वेग म्हणूनच फार महागात पडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ केलं की टर्बो बंद. यूट्यूबवर हे सरसकट सांगतात. मी नाही सांगणार. ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच गाभ्यावर चालतं, त्याला टर्बो हवाच. तिथे दोन चौकटी आहेत: ‘ऑन बॅटरी’ला ९९ करा, ‘प्लग्ड इन’ १०० च राहू द्या.

भाच्याचा उपाय खरं तर सर्वांत देखणा. वेग तोच, व्होल्टेज कमी. १ व्होल्टचं ०.९५ झालं तरी वरच्या हिशेबाने जवळपास १० टक्के वीज वाचते. पण डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ उघडकीला आलं. व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून इंटेल प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येत होती. मग बऱ्याच लॅपटॉपांत बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून व्होल्टेज कमी करायची ही सोय कुलूपबंद झाली. थ्रॉटलस्टॉपच्या ‘एफआयव्हीआर’ खिडकीत ‘लॉक्ड’ दिसलं तर विषय सोडा. जुना बायोस टाकायचा सल्ला भाचा देईलच. पोटापाण्याच्या मशीनवर तो प्रयोग नको.

कुलूप नसेल तर त्याच खिडकीत कोअर आणि कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) दोन्हींना उणे ५० मिलिव्होल्ट देऊन नेहमीचं काम करा, फाइल सेव्ह करत राहा. लॅपटॉप हँग झाला तर आकडा उणे ५० वरून शून्याकडे आणा. थ्रॉटलस्टॉप विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल अशी सोय मात्र आठवडाभर तरी लावू नका, नाहीतर आकडा झेपला नाही तर लॅपटॉप सुरू होताच हँग व्हायचा.