मुशी ‘व्याली’ म्हणावं का?

खानापूरच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. मुलांसाठी ब्लॅकटिप रीफ शार्क या मुशीवर (मुशी म्हणजे शार्क) धडा लिहिताना त्यांनी ‘मादी व्याली’ असं लिहिलं. सहकाऱ्यांनी ते गावठी म्हणून खोडलं आणि ‘मादीने पिल्लांना जन्म दिला’ केलं. बाई विचारतात, मासा व्यातो का?

बांगडा, सुरमई पाण्यात अंडी सोडतात. त्यांना ‘व्याली’ म्हणणं चूकच. ही मुशी मात्र खरोखर व्याते. पोटातल्या पिल्लाचा बलक संपत आला की बलकाची पिशवीच गर्भाशयाला चिकटते आणि पुढचं पोषण आईकडून नाळेतून होतं. म्हणजे नाळ आली, आणि चिकटलेली ती पिशवी म्हणजेच वारही आली. एका वेतात बहुधा २ ते ४ पिल्लं, आणि तीही जन्मतःच हातभर लांब. आई स्वतः सहसा १.६ मीटरच्या आतबाहेर. तेव्हा गाभण, वेत, वार, व्याली हे गोठ्यातले चारही शब्द बिनधास्त वापरा. ‘पान्हा’ तेवढा नको. दूध नसतंच, आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून गुडघाभर पाण्यात आपलं आपण बघतात.

हे सगळ्या मुशींना सरसकट लावू नका. बांबू शार्क अंडी घालते. व्हेल शार्कची अंडी पोटातच फुटून पिल्लं जिवंत बाहेर येतात, पण वार नसते. तिथे ‘व्याली’ चालेल, ‘वार’ चालणार नाही.

‘गावठी’ हा आक्षेप मला पटत नाही. ‘जन्म दिला’ चूक नाही, पण म्हैस व्याली हे ज्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना ते कशाला? शेजारच्या कन्नडातही जनावराच्या विण्याला ‘ईयु’ हे क्रियापद आहेच.

बाईंनी न विचारलेलं एक. आपल्याकडे गोव्याहून घाट चढून येते ती ‘मोरी’, रत्नागिरी-मुंबईकडे ‘मुशी’. धड्यात मुशीच लिहा, नाहीतर पोरांना आधी न्हाणीची मोरी आठवेल. बाजारातली मोरी बहुतेक वेळा वेगळ्याच जातींची असते. धड्यातली ही मुशी लक्षद्वीपच्या प्रवाळांतल्या उथळ पाण्यात राहणारी. नावातला ‘रीफ’ही गाळू नका, कारण नुसती ब्लॅकटिप शार्क ही निराळी, आकाराने मोठी जात आहे. आणि नर असला तरी ‘ती मुशी’च म्हणायचं, जशी पाल. नर ओळखायचा तो पोटाकडच्या परांशी असलेल्या दोन दांड्यांवरून.