पहिल्या बोलीआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जपानमधील लिलावातून वापरलेल्या गाड्या आणून विकण्याचा तुझा विचार मला मनापासून पटला, म्हणूनच माझी एक चूक आधी सांगतो. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी एक स्टेशन वॅगन घेतली. लिलावाच्या शीटवर, म्हणजे लिलावगृहाच्या तपासनिसाने भरलेल्या गाडीच्या तपासणी-पत्रकावर, ४ ग्रेड, म्हणजे चांगल्या अवस्थेची श्रेणी, होती आणि फोटोत गाडी चकचकीत दिसत होती. शीटच्या तळाशी तपासनिसाने हाताने एक ओळ लिहिली होती; ती जपानीत होती आणि मला घाई होती, त्यामुळे मी तिचा अर्थ कोणाला विचारला नाही. गाडी बंदरातून आणून लिफ्टवर चढवली तेव्हा तो अर्थ मला दिसला: खालचा सगळा भाग गंजलेला होता. गाडी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरची होती, जिथे बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर क्षार टाकतात. त्या व्यवहारात नफा तर गेलाच, मुद्दलही पूर्ण परत आले नाही.

म्हणून शीट वाचायला शिक, आणि ग्रेडचा आकडा सर्वांत शेवटी बघ. गाडीच्या आकृतीवरील ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीची खूण, ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितका दोष मोठा. ‘आर’ ग्रेड दिसली की नवखे खरेदीदार ती गाडी सोडून देतात, पण ती गाडीच्या मूळ सांगाड्याची दुरुस्ती किंवा बदल झाल्याचे सांगते, तो किती गंभीर होता हे सांगत नाही. मागच्या पॅनेलची नीट केलेली छोटी दुरुस्ती असलेली ‘आर’ गाडी मी गंजलेल्या ४ ग्रेडच्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन, अर्थात ग्राहकाला ती दुरुस्ती आधी सांगूनच. उलट बॉनेट, दरवाजा किंवा पुढचा मडगार्ड बदललेला असला तरी ते बोल्टने बसवलेले भाग असल्याने गाडी अपघाती धरली जात नाही. तपासनीस गाडी रस्त्यावर पळवून बघत नाही, त्यामुळे गिअर बदलताना बसणारा झटका किंवा हायब्रिड बॅटरीची थकलेली अवस्था शीटवर येईलच असे समजू नकोस. मीटर बदलल्याची किंवा किलोमीटर संशयास्पद असल्याची नोंद असेल, तर ती गाडी सोडून दे.

तू स्वतः या लिलावांत बोली लावू शकणार नाहीस. त्यासाठी लिलावगृहाचे सदस्यत्व असलेला एजंट लागतो. लिलावाआधी प्रत्यक्ष जाऊन गाडी बघणारा आणि हस्तलिखित ओळींचा शब्दशः अर्थ कळवणारा एजंट थोडे जास्त कमिशन मागत असला तरी तोच निवड. तक्रारीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि गाडी तुझ्या हाती पडेपर्यंत ती बहुधा संपलेली असते.

आता पैशांचे. कमाल बोली किती, हे विक्रीच्या किमतीपासून उलटे मोजत ठरव. तुझ्या बाजारात ती गाडी आज प्रत्यक्ष किती रकमेला विकली जाते, त्यातून तुझा नफा, नोंदणी, आयात शुल्क, विमा, जहाजाचे भाडे, तिथली अंतर्गत वाहतूक, एजंटाचे कमिशन आणि लिलावगृहाची फी वजा कर. जहाजाचे भाडे बहुधा गाडीच्या घनफळावर असते, त्यामुळे उंच व्हॅन स्वस्तात मिळूनही महाग पडते. येन वधारला तर काय होईल, यासाठीही थोडी जागा ठेव. उरेल तो आकडा आदल्या रात्री एजंटाला लिहून दे आणि सकाळी वाढवू नकोस. एकेका गाडीची बोली काही सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात केलेला विचार हा विचार नसतो.

त्याही आधी तुझ्या देशाचा नियम वाच. केनियात आठ वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही. अमेरिकेत मात्र तिथल्या मानकांनुसार न बनलेली गाडी साधारणपणे पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावरच सहज आणता येते. वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजायचे की पहिल्या नोंदणीपासून, हे लेखी विचारून घे. या दोन तारखांमधील काही महिन्यांच्या फरकामुळे गाडी बंदरात अडकलेली मी पाहिली आहे.

तू निवडलेल्या तीन गाड्यांच्या शीट मला पाठव, सोबत तुझा हिशेबही. टोकियोचा मोठा लिलाव गुरुवारी असतो, तेव्हा मंगळवारपर्यंत मिळाल्या तर प्रत्येक ओळ आपण मिळून वाचू.

तुझा शुभचिंतक