नेटवर सगळं बघितलं होतं, तरी फसलो

"मॅडम, आम्ही नेटवर सगळं बघितलं होतं हो, तरी फसलो, आता विश्वास ठेवायचा तरी कशावर?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे खूप जण येतात, कुणी लोन ॲपमध्ये अडकलेले, कुणी होमस्टेच्या बुकिंगमध्ये पैसे गेलेले. आज सांगतेय ती गोष्ट दापोलीकडच्या एका मुलाची, त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बावीस वर्षांचा मुलगा, वडील मच्छीमार बोटीवर तांडेल. मर्चंट नेव्हीत लावतो म्हणून एका एजंटने पावणेदोन लाख घेतले, आईच्या पाटल्या मोडल्या त्यासाठी, आणि मग फोन बंद. आई त्याला घेऊन आली तेव्हा जून लागलेला, मासेमारी बंदी, म्हणजे वडीलही घरातच, आणि हा रात्री दोन-तीनपर्यंत मोबाईलवर. आईला वाटायचं गेम खेळतो. प्रत्यक्षात तो त्याच कंपनीचं नाव परत परत टाकून बघत बसायचा, फसलेल्या लोकांचे व्हिडिओ बघायचा, की परत तेच नाव. "कुठंतरी मला दिसायला पाहिजे होतं ना मॅडम," एवढंच बोलायचा.

झालं ते विसर असं मी त्याला म्हटलं नाही, विसरता येत असतं तर आला कशाला असता. कागद दिला आणि म्हटलं, पैसे देण्याआधी काय काय तपासलंस ते लिही. वेबसाईट, ऑफिसचा फोटो, लायसन्स नंबर, आधी "सिलेक्ट झालेल्या" दोन मुलांशी बोलणं, बरंच निघालं. मग म्हटलं, आता प्रत्येकासमोर लिही, हे तुला कुणी दिलं. लिंक एजंटने पाठवलेली, फोटो त्यानेच, त्या दोन मुलांचे नंबरही त्यानेच. लायसन्स नंबर मात्र खरा होता, डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या यादीत त्या नावाची कंपनी आहे, पण यादीतला फोन आणि ईमेल वेगळा आणि तिथे याने एकदाही फोन लावला नव्हता. पेन ठेवून तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग पहिल्यांदा रडला.

मला हेच सगळ्यांना सांगावंसं वाटतं, शोधण्यात तुम्ही कमी पडत नाही, पण समोरच्याने हातात दिलेल्या धाग्यावरूनच शोधत गेलात तर जे सापडतं तेही त्यानेच मांडून ठेवलेलं असतं. सुरुवात दुसऱ्या टोकाने करा, सरकारी यादी आपण स्वतः उघडा, त्यातल्या नंबरवर फोन लावा. आणि जहाजावर नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नाहीत असा नियम आहे, २००६ च्या सागरी कामगार करारातही तेच आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केलाय. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, मेडिकल याचा खर्च वेगळा. म्हणजे "प्लेसमेंट"चे पैसे मागितले तिथंच थांबायचं.

दुसरी गोष्ट लाजेची. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला या घरच्यांनी फोन केला तो नवव्या दिवशी, कारण वाडीत कळेल ही भीती. त्या नंबरवर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, उशीर झाला की ते खात्याखात्यातून पुढे निघून जातात. तेव्हा माझ्याकडे नंतर या, आधी तिथे फोन करा, खरंच सांगते.

तिसऱ्या भेटीला तो घाबराघुबरा आला. रात्री "पैसे परत कसे मिळवायचे" असं शोधता शोधता एकजण व्हॉट्सॲपवर भेटला होता, आठ हजार फी भरा, रक्कम काढून देतो म्हणत होता. फसलेल्या माणसाला परत गाठणारे असे बरेच असतात. पण या वेळी त्याने पैसे भरायच्या आधी मला दाखवलं, मला फार बरं वाटलं. तेव्हापासून आमचं ठरलं, शोधायचं ते दिवसा, वीस मिनिटं, आणि घरातलं कुणीतरी शेजारी बसवून.

शेजारी बसायला वडील आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी ऑफर लेटर हातात घेऊन एवढंच विचारलं, "बोट कुठची? आता कुठं हाय ती?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं, कारण एजंटला पैसे दिल्यावरच पोराने बापाला सांगितलेलं. लेटरवर जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, सहा आकडी होता, तो सातच आकडी असतो.

पैसे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. परवा आई सांगत होती, दोघं संध्याकाळी पडवीत बसून मोबाईलवर जहाजांचा नकाशा बघतात, जयगडसमोर कुठलं उभं आहे, कुठून आलंय, आणि बाप सांगतो, पोरगा ऐकतो.