सर्च इंजिन बदलून फरक पडेल का?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: काहीही शोधलं तरी वर जाहिराती, खाली एकाच छापाची पानं, आणि अर्धा तास घालवून हाती काही नाही. मग गूगल सोडून दुसरं काही वापरावं का? जरूर वापरून बघा, पण नुसतं तेवढ्याने काम होणार नाही. कामानिमित्त वीसेक वर्षं रोज शोधाशोध करतोय, त्यावरून सांगतो.

सर्च इंजिनांची नावं पुष्कळ आहेत, पण सगळं वेब स्वतः चाळून स्वतःचा मोठा इंडेक्स, म्हणजे कोणत्या पानावर काय आहे याची सूची, ठेवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग, रशियाचं यांडेक्स, चीनचं बायडू. डकडकगोच्या निकालांतला मोठा वाटा बिंगकडून येतो, याहूचंही तसंच. म्हणजे डकडकगोवर मिळालं नाही म्हणून बिंगवर जाणं म्हणजे त्याच विहिरीत दुसरी बादली सोडणं. खरोखर वेगळी विहीर हवी असेल तर ब्रेव्ह बघा, किंवा मोजीक. मोजीक लहान आहे, कधीकधी भलतंच काहीतरी समोर ठेवतं. तरी मला ते आवडतं, कारण कुणीतरी हौसेने लिहून ठेवलेली जुनी पानं तिथे वर तरंगतात.

जाहिरातींचं म्हणाल तर त्याची कुणकुण खुद्द गूगलच्या संस्थापकांनाच होती. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना 1998 साली जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात त्यांनी म्हटलंय की जाहिरातींवर पोसलेली सर्च इंजिनं वापरणाऱ्यांपेक्षा जाहिरातदारांकडे झुकणार. 2000 साली त्यांनीच अ‍ॅडवर्ड्स ही गूगलची जाहिरातसेवा सुरू केली. असो. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच इंजिन आधीपासून बसलेलं असावं यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलच्या विरोधात निकाल दिला. इतका पैसा ओतावा लागतो, कारण बहुतेक लोक इंजिन निवडतच नाहीत, समोर येईल ते वापरतात.

आता मुद्द्याचं. शोधपेटीला प्रश्न विचारायची सवय मोडा. तुम्हाला हवं असलेलं पान कुणीतरी आधीच लिहिलेलं आहे. त्या पानावर कोणते शब्द असतील, ते टाका.

माझ्या जुन्या प्रिंटरने एकदा पाच आकडी एरर कोड दाखवून संप पुकारला. मी टाइप केलं, ‘प्रिंटर छापत का नाही’. निकालात ओळीने तेच: प्लग तपासा, कागद तपासा, बंद करून चालू करा, आणि तळाशी नवा प्रिंटर घ्यायची लिंक. हा प्रश्न असंख्य लोक विचारतात, म्हणून त्यावर पानं पाडणाऱ्यांचीही रांग लागते. मग विचार केला, ज्याला उत्तर ठाऊक आहे तो कसं लिहील? तो ‘छापत का नाही’ असं कशाला लिहील? तो मॉडेल नंबर लिहील, कोड लिहील, बिघडलेल्या भागाचं नाव लिहील. भागाचं नाव मला कुठे माहीत होतं! म्हणून मॉडेल नंबर आणि कोड वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत टाकले, म्हणजे ते जसेच्या तसे असलेलीच पानं येतात. जेमतेम आठ निकाल आले, आणि त्यातल्या एकात कुणा दुरुस्तीवाल्याने जाता जाता ‘वेस्ट इंक पॅड’ (वाया जाणारी शाई शोषणारा भाग) असं लिहिलेलं होतं. हा शब्द हाती लागला आणि गाडी रुळावर आली. तो आणि ‘सर्व्हिस मॅन्युअल’ एकत्र टाकल्यावर पीडीएफचा पत्ता मिळाला; ती कंपनीने काढून टाकलेली, तर तोच पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबवरच्या पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, टाकून जुनी प्रत उतरवून घेतली.

म्हणून पहिल्या शोधात उत्तर मिळालं नाही तर वैतागू नका. पहिला शोध शब्द गोळा करायला, दुसरा उत्तर काढायला.

शोध नेमका करायला शोधपेटीत ज्या खुणा टाकता येतात, त्यांपैकी रोजच्या वापराच्या चारच आहेत, त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘साइट’ आणि कोलन लिहून लगेच पत्ता दिला की त्याच संकेतस्थळात शोध होतो. पुष्कळदा त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधापेक्षा हे बरं चालतं. ‘फाइलटाइप’ कोलन पीडीएफ लिहिलं की अहवाल, मॅन्युअल, प्रबंध वर येतात. पानं पाडणारे सहसा पीडीएफ करत बसत नाहीत, त्यामुळे कचरा आपोआप गळतो. नको असलेल्या शब्दाआधी वजाचिन्ह, पण शब्दाला चिकटून. मध्ये जागा सोडली की गेलं. ‘बिफोर’ आणि कोलन लिहून वर्ष दिलं की त्याआधीची पानं मिळतात. फक्त तारखांवर आंधळा विश्वास नको, जुनाच मजकूर नव्या तारखेने पुन्हा टाकणारे कमी नाहीत.

अधिकचं चिन्ह लावून शब्द सक्तीचा करायची सोय गूगलने 2011 मध्येच काढली, आणि साठवलेली प्रत दाखवणारी लिंक 2024 मध्ये. जुन्या लेखांत या युक्त्या वाचल्यात आणि चालत नाहीत, तर चूक तुमची नाही. मात्र निकालांच्या वरच्या साधनांमध्ये ‘व्हर्बॅटिम’ अजून आहे. तुमचे शब्द बदलून समानार्थी घुसडण्याची खोड त्याने थांबते. 2024 पासून ‘वेब’ नावाची गाळणीही आहे. ती लावली की एआयचा सारांश, चित्रं, व्हिडिओ सगळं जाऊन नुसत्या लिंक उरतात. मी तर गूगल शोधाच्या पत्त्यात यूडीएम=14 (हेही रोमनमध्येच) घालून ब्राउझरमध्ये तीच कायमची करून टाकलीय.

एआयच्या सारांशाबद्दल एवढंच, की मी तो शब्द गोळा करायला वापरतो. 2024 मध्ये सुरू झाल्या झाल्या त्याने पिझ्झावर चीज टिकावं म्हणून गोंद घालायला सुचवलं होतं, आणि ते आलं होतं कुणाच्या तरी जुन्या थट्टेतून. खाली दिलेली लिंक उघडून बघायचा कंटाळा करू नका.

मराठीत शोधताना मात्र अवतरणचिन्हं जपून. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला तरी पान हुकतं, आणि लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन आपल्यासारखंच असेल असं कुठे आहे? मी दोन्ही रूपं मध्ये रोमन कॅपिटल अक्षरांत ‘ऑर’ घालून देतो, म्हणजे कुठलंही एक असलं तरी पान सापडतं.

आता तुम्ही नेमकं काय शोधत होतात आणि कोणते शब्द टाकून पाहिलेत, ते जसंच्या तसं इथे लिहा. रात्री बसून बघतो.